धुराड्याची उंची आणि चुलीची ओढ

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, राज्यघटना, जागतिक राजकारण असले विषय शोभतात. त्या पंक्तीला चुलीचे धुराडे आणून बसविणे काही रसिकांना चमत्कारिक वाटेल. परंतु धूर हा आपल्या शास्त्रांना नवा नाही. न्यायशास्त्रात अनुमान शिकविताना धुरावरून अग्नी ओळखण्याचाच दाखला देतात आणि त्याला दृष्टान्त घेतात तो महानसाचा, म्हणजे स्वयंपाकघराचा. शास्त्रकारांनी स्वयंपाकघरातल्या धुराच्या बळावर डोंगरावरचा अग्नी सिद्ध केला. त्या धुरात बसलेल्या बाईच्या डोळ्यांचे काय झाले, हा प्रश्न त्यांच्या प्रमाणांत बसत नव्हता. तो आपण येथे घेऊ.

आम्ही कामगार संघटनेचे कार्यकर्ते. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात जास्त असे झालेले आहे. इंजिनियरिंगची पदवी नाही. म्हणून कागद-पेन्सिल घेऊन कोणासही ताडून पाहता येईल तेवढेच सांगण्याचा आमचा बेत आहे. या विषयाकडे आम्हांला वळविले ते शालेय पोषण आहार शिजविणाऱ्या भगिनींनी. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली शाळांतून शिजविलेले अन्न द्या असा आदेश दिला, त्यानंतर राज्यभर ही योजना उभी राहिली. मुलांच्या ताटाची चर्चा पुष्कळ झाली; ते ताट ज्या चुलीवर तयार होते तिची फारशी झाली नाही. छत्रपती संभाजीनगरच्या आसपासच्या एका गावी मानधनाच्या अर्जावर सह्या घेत असता एका बहिणीने विचारले, "भाऊ, पत्र्याचं नळकांडं बसवून दिलंय, तरी धूर आमच्याच तोंडावर का येतो?" मागणीपत्रात हा मुद्दा नव्हता. पण प्रश्न खरा होता आणि त्याचे उत्तर आम्हांला देता आले नाही. तेव्हा पुस्तके उघडावी लागली.

धूर वर जातो कशामुळे? सर्वसाधारण समज असा की, धूर हलका असतो आणि धुराडे त्याला शोषून घेते. धुराडे काही शोषत नाही. ती एक तराजूची दांडी आहे. एका पारड्यात धुराड्याच्या आतील गरम वायूचा स्तंभ, दुसऱ्या पारड्यात तेवढ्याच उंचीचा बाहेरील थंड हवेचा स्तंभ. बाहेरचे पारडे जड. ते खाली बसते, चुलीच्या तोंडातून आत शिरते आणि हलक्या स्तंभाला वर ढकलते. आपल्या पाणचक्कीवर पाणी उंचावरून खाली येऊन दगड फिरविते. धुराड्यात तोच खेळ उलटा चाललेला असतो. या ढकलण्यालाच इंग्रजी पुस्तकांत ड्राफ्ट म्हणतात. आम्ही ओढ म्हणू.

आता ही ओढ किती असते ते मोजू, कारण सगळी गंमत आकड्यांत आहे. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंच. येथे ३० अंश उष्णतेला एक घनमीटर हवेचे वजन साधारण १,०९० ग्रॅम भरते. तीच हवा १५० अंशांपर्यंत तापविली की ती ७८० ग्रॅम होते. फरक ३१० ग्रॅमचा. धुराडे ३ मीटर उंच असेल तर एका चौरस मीटरमागे हा फरक ९३० ग्रॅमचा झाला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी पसरले तर त्याचे वजन एक किलो होते. म्हणजे तीन मीटर धुराड्याची सगळी ओढ एक मिलिमीटर पाण्याच्या दाबाएवढीही नाही! आपली आजी फुंकणीतून एक फुंकर मारीत असे, तिचा दाब याच्या कित्येक पट होता. फरक एवढाच की, आजीला दम लागतो आणि धुराड्याला लागत नाही.

एवढी नाजूक ही शक्ती आहे. ती कशानेही मोडते. एक काटकोनातले वळण, आतली बोटभर काजळी, वरून आलेला वाऱ्याचा झोत, बंद दार, यांपैकी एकही गोष्ट हे एक मिलिमीटर खाऊन टाकायला पुरेशी आहे. आणि ऋतूही त्यात ढवळाढवळ करतो. डिसेंबरच्या रात्री बाहेर १० अंश असतात तेव्हा तेच धुराडे १.१६ मिलिमीटर ओढते. मे महिन्याच्या दुपारी ४२ अंशांत ०.८. उन्हाळ्यात चूल जास्त धुरते असे बायका म्हणतात, तो मनाचा खेळ नव्हे. मुंबईतले धुराडे आपल्यापेक्षा सहासात टक्क्यांनी अधिक ओढते, कारण तेथील हवाच तेवढी जड आहे. हे मुंबईकरांनी आपल्या कर्तृत्वात जमा धरू नये.

यावरून पहिला निष्कर्ष सरळ निघतो: उंची दुप्पट केली की ओढ दुप्पट. हे खरे आहे, आणि म्हणूनच जो तो "धुराडे उंच करा" असा सल्ला देतो. पण येथेच फसगत आहे. वरील हिशेबात आपण धूर सबंध धुराड्यात १५० अंशांवर आहे असे धरले. पातळ पत्र्याचे नळकांडे बाहेरच्या बाजूने भिंतीवर नेले तर तो वाटेतच निवतो. धूर सरासरी ८० अंशांवर आला की ओढ जवळजवळ निम्मी होते. म्हणजे ६ मीटरचे निवालेले धुराडे आणि ३ मीटरचे ऊबदार धुराडे यांची ओढ सारखीच. उलट लांब नळीत घासण जास्त, म्हणून प्रत्यक्षात उंच धुराडेच हरते. पैसे मात्र दुप्पट लागले. धुराडे घराच्या आतून सरळ वर न्यावे, त्याच्या खालच्या भागाला भुसा कालवलेल्या मातीचा जाड लेप द्यावा, ही जुनी रीत शास्त्राला धरून आहे ती यामुळेच.

मग धूर अगदी लाल होईस्तोवर तापवावा काय? तेही नको. १५० वरून ३०० अंशांवर नेले तर ओढ दीडपटीहून अधिक वाढते, पण गरम वायू विरळ असल्यामुळे धुराड्यातून जाणारी हवा वजनाने एक दशांशच वाढते. बाकीची उष्णता, म्हणजे बाईने डोक्यावरून आणलेले सरपण, आभाळाला अर्पण होते. धुराड्याची चूल जळण जास्त खाते अशी तक्रार जागोजाग ऐकू येते. ती पुष्कळदा खरी असते. तिच्यावर उपाय म्हणजे धुराड्याच्या बुडाशी एक सरकती झडप. जाळ धरेपर्यंत पूर्ण उघडी, पुढे अर्धी. झडप पूर्ण बंद मात्र कधीही करू नये. निखारे दिसत असताना तर नाहीच.

उंचीइतकाच, किंबहुना अधिक, प्रश्न रुंदीचा आहे, आणि त्याकडे कंत्राटदार मुळीच बघत नाहीत. एक किलो कोरडे लाकूड पुरते जळायला सुमारे ६ किलो हवा लागते, म्हणजे आपल्या शहरात साडेपाच घनमीटर. प्रत्यक्ष चुलीत याच्या दुप्पट-तिप्पट जाते. एवढा ऐवज त्या नळीतून बाहेर पडायचा असतो. उघड्या तोंडाच्या चुलाण्याला एक ढोबळ नियम लावतात: जेवढे तोंड, त्याच्या एक दशांश धुराड्याचे पोट. त्या बहिणींच्या स्वयंपाकघरात एक-एक फूट चौरस, म्हणजे ३० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटर तोंडाच्या दोन चुली होत्या. दोन्ही तोंडे मिळून १,८०० चौरस सेंटिमीटर; धुराडे हवे १८० चौरस सेंटिमीटरचे. बसविले होते तीन इंची नळकांडे, म्हणजे ४५ चौरस सेंटिमीटर. नेमके चौथाई! दर अर्धा आणि माल चौथाई, हा कंत्राटाचा हिशेब आम्हांला कारखान्यांतूनही परिचित आहे. पुष्कळांना वाटते की तीन इंचीच्या ऐवजी सहा इंची घातले म्हणजे दुप्पट झाले. वर्तुळाचे तसे नसते. व्यास दुप्पट केला की पोट चौपट होते. सहा इंची नळी १८२ चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे त्या दोन चुलींना बरोबर पुरते.

त्या नळकांड्याचे आणखीही दोष होते. ते चुलीपासून निघून काटकोनात वळे, भिंतीतून बाहेर जाई, पुन्हा वळून पत्र्याच्या वळचणीखालीच संपे. तोंड पश्चिमेला. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा. तो भिंतीवर आपटला की तेथे दाब वाढतो आणि धूर आल्या वाटेने परत फिरतो. धुराड्याचे तोंड वाऱ्याच्या त्या गोंधळातून वर काढलेच पाहिजे. अमेरिकेतील गवंडी यासाठी एक नियम पाळतात: जेथून धुराडे छप्पर फोडून निघते तेथून किमान ३ फूट वर, आणि आसपास १० फुटांत जे काही उंच असेल त्याच्याहून २ फूट वर. आपल्याकडेही तो लागू करण्यास हरकत नाही. मात्र शेजाऱ्याने नवा मजला चढविला की कालचे चांगले धुराडे आज वाईट होते, हे ध्यानात असावे. शहरात हे फार घडते.

जुन्या मराठवाडी माळवदाच्या घरात धुराडे नव्हते, तर धाब्याला ठेवलेले सवणे होते. त्यातून उजेड खाली येई आणि धूर वर जाई. त्या सवण्याला उंचीच नाही. म्हणजे ओढही खोलीभर उंचीच्या कोमट हवेची, अगदी क्षीण. तुळया काळ्याभोर होत आणि त्यामुळे त्यांना वाळवी लागत नाही असे समाधान मानीत. तुळयांना जे लागले नाही ते माणसांच्या छातीला लागले. अशा माळवदातून किंवा पाचटाच्या छपरातून आता लोखंडी नळी न्यायची तर लाकूड-पाचटाला ती टेकू देऊ नये. भोवती हातभर मोकळे राखून पत्र्याची कॉलर बसवावी. लाकूड रोज थोडे थोडे भाजत राहिले की पुढे कमी उष्णतेलाही पेटते.

ज्याला धुराडे मुळीच नाही अशीही एक उत्तम भट्टी आपल्या शहरात आहे. नान-खलियासाठी नान भाजतात तो तंदूर पाहा. तळाशी हवेला भोक, वर उघडे तोंड, मध्ये तापलेली मातीची भिंत. तंदूर स्वतःच एक आखूड, जाड, ऊबदार धुराडे आहे. ओढ पुरेशी असल्यामुळे निखारा रसरशीत राहतो. पण धूर आणि धग दोन्ही त्यावर वाकलेल्या कामगाराच्या चेहऱ्यावर येतात. चुलीच्या दृष्टीने उत्तम ते कामगाराच्या दृष्टीने उत्तम असतेच असे नाही.

उंच धुराडे म्हटले की आमच्या पिढीला गिरणी आठवते. औरंगाबादेत १८८९ साली कापडाची गिरणी निघाली आणि तेव्हापासून या शहरालाही चिमणीची ओळख झाली. गिरणीच्या चिमण्या एवढ्या उंच का बांधीत? ४० मीटरच्या चिमणीत २०० अंशांचा धूर असेल तर ओढ १५ मिलिमीटरच्या वर जाते; बॉयलरच्या जाड कोळशाच्या थरातून हवा खेचायला तेवढी लागे. पुढे विजेचे पंखे आले आणि ओढीसाठी उंचीची गरज उरली नाही. तरी चिमण्या उंचच राहिल्या, कारण दुसरे काम होते: घाण दूर आणि विरळ करून टाकण्याचे. मुंबई इलाख्यात धुराच्या उपद्रवाविरुद्ध १९१२ सालीच कायदा झाला होता. आज प्रदूषण नियंत्रणाचे लोक चिमणीची उंची एका सूत्राने काढतात. ताशी किती किलो सल्फर डायऑक्साइड निघतो त्या आकड्याचा ०.३ घात करून त्याला १४ ने गुणतात. या सूत्रात ओढीचा संबंध नाही. लाकडात गंधक नाममात्र, म्हणून ते चुलीला लावण्यातही अर्थ नाही. पण ही दोन कामे वेगळी ओळखली पाहिजेत: एक उंची चुलीजवळच्या माणसासाठी, दुसरी शेजाऱ्यासाठी. कायद्याने शेजाऱ्याची काळजी आधी घेतली. शेगडीपुढे उभ्या असलेल्याची आठवण त्याला फार उशिरा झाली.

धुराड्याचे पोट आणि घसा यांचा नीट विचार प्रथम ज्याने केला तो काउंट रम्फर्ड हा अमेरिकेत जन्मलेला मोठा विक्षिप्त गृहस्थ. १७९६ च्या सुमारास त्याने इंग्लंडातील शेकोट्यांचे अवाढव्य घसे अरुंद करून दाखविले आणि धूर थांबविला. म्हणजे तेथे रोग आमच्या उलट होता. धुराडे फार रुंद, म्हणून आत थंड हवाच जास्त शिरे आणि धूर निवे. त्याच्या आधी म्युनिकला त्याने भिकाऱ्यांना धरून कामाला लावले आणि त्यांच्यासाठी सार्वजनिक स्वयंपाकघर काढले. बंदिस्त चुली करून शेकडो माणसांचे अन्न थोड्या जळणात शिजविले. त्या धरपकडीबद्दल आमचे मत बरे नाही. चुलीबद्दल मात्र आदर आहे.

आपल्या देशात हे काम गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून पुढे आले. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७ च्या सुमारास मगन चूल तयार झाली. त्यानंतर हैदराबादच्या इंजिनियरिंग संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी धुराड्याची मातीची चूल बनविली आणि १९५३ साली कोट्यवधी घरांतील स्वयंपाकघरे धूरमुक्त कशी होतील यावर पुस्तिका लिहिली. औरंगाबाद जिल्हा त्या वेळी हैदराबाद राज्यातच होता. म्हणजे ही चूल आपल्याच राजधानीत जन्मली होती असे म्हणावयास हरकत नाही. पुढे १९८३ पासून केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. २००२ पर्यंत तो चालला आणि त्यात तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या गेल्या.

त्या चुली गेल्या कोठे? ओरिसातील एका दीर्घ पाहणीचे निष्कर्ष २०१६ साली पूर्णपणे प्रसिद्ध झाले. ती करणाऱ्यांत पुढे नोबेल मिळालेल्या एस्थर डफ्लो होत्या. पहिल्या वर्षी धूर कमी झाला आणि चार वर्षांत तो फायदा दिसेनासा झाला. चुली फुटल्या, धुराडी चोंदली, दुरुस्तीला कोणी आले नाही. कारखान्यात यंत्र बसविताना फोटो काढतात आणि तेल घालायला माणूस नेमीत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. शिवाय त्या कार्यक्रमात स्वस्त म्हणून सिमेंट-अ‍ॅस्बेस्टॉसचे नळ पुष्कळ ठिकाणी वापरले. ते करवतीने कापताना उडणारी धूळ गवंड्याच्या फुप्फुसात जाते आणि तेथे वर्षांनुवर्षे राहून कर्करोग करते. बाईची छाती वाचविण्यासाठी गवंड्याची बिघडवू नये. भाजलेल्या मातीची किंवा जाड पत्र्याची नळी घ्यावी.

आज कोणी म्हणेल, २०१६ सालापासून उज्ज्वला योजनेने घरोघरी गॅस गेला, आता धुराड्याचे पुराण कशाला? गॅस आला ही मोठी गोष्ट झाली, आणि तो परवडत असेल तेथे आम्ही धुराड्याची शिफारस करणार नाही. परंतु टाकी भरून आणायला रोख लागते आणि तुराट्या-पऱ्हाट्या शेतातून फुकट मिळतात. म्हणून पुष्कळ घरांत चहा गॅसवर आणि भाकरी, आंघोळीचे पाणी चुलीवर असे चालते. जागतिक आरोग्य संघटनेने घरातील धुराने २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लक्ष माणसे मेली असा अंदाज दिला आहे. पऱ्हाटी झरझर जळते, पटकन ऊब देते, ओढही लगेच लागते. ओल्या बाभळीचे उलट. नुकत्याच तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे पाणीच असते. ते उकळण्यात जाळाची शक्ती जाते, धूर निवतो, ओढ मरते आणि डांबरासारखी काजळी नळीला चिकटते. पावसाळ्यासाठी सरपण मे महिन्यातच छपराखाली रचणे हाही धुराड्याचाच एक भाग समजावा.

चूल पेटविताना नळी थंड असते. तेव्हा बुडाशी मूठभर वाळल्या काड्या किंवा कागद पेटवून ती आधी तापवावी, मग लाकडे लावावी. दार-खिडकी थोडी उघडी पाहिजे. बाहेर गेलेल्या हवेच्या जागी हवा यायला वाट नसेल तर धुराडे काय ढकलणार? त्याच खोलीत भिंतीला विजेचा पंखा लावून हवा बाहेर फेकण्याची सोय केलेली असेल तर तो धुराड्याशी भांडतो आणि जिंकतो. धूर खाली उतरतो. दोन चुलींना एकच धुराडे असेल आणि एक चूल बंद असेल तर तिचे तोंड पत्र्याने झाकावे, नाहीतर तेथून थंड हवा शिरून दुसरीची ओढ मारते.

आणि एक इशारा. थंडीत कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपणाऱ्यांना धूर दिसत नाही म्हणून धोका वाटत नाही. तेथे कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस झोपेतच जातो. शेगडीला धुराडे नसते. तिला उघड्या हवेशिवाय दुसरा उपाय नाही.

त्या शाळेत पुढे काय झाले ते सांगतो. आम्ही वरील हिशेब एका कागदावर मांडून अर्जाला जोडला. आकडे असलेला अर्ज लौकर फेकला जात नाही, हा आमचा अनुभव आहे. गावातल्याच एका पत्रेकाराने सहा इंची नळी सरळ वर नेली, छपरावर तीन फूट काढली, वर पावसासाठी टोपी बसविली आणि टोपी व तोंड यांच्यात वीतभर अंतर ठेवले. बहिणींनी बुडाला माती-भुशाचा लेप दिला. धूर पूर्ण गेला असे नाही. जाळ लावताना आणि भाताचे पातेले उतरविताना तो येतोच. पण तास न् तास डोळे पुसणे थांबले. पहिल्या आठवड्यात लाकूड जास्त लागले. झडप अर्धी ठेवायला शिकल्यावर ते पूर्वीइतक्यावर आले. शेजारच्या घरी धूर जातो अशी एक तक्रार आली होती, ती नळी आणखी दोन फुटांनी वाढविल्यावर मिटली.

राहिली काजळी. काथ्याचा झुपका दोरीला बांधून, खाली दगड लावून तो वरून नळीत सोडावा आणि दोनतीनदा खालीवर ओढावा, एवढेच ते काम. ओले लाकूड असेल तर महिन्यातून एकदा, कोरडे असेल तर दोन महिन्यांनी. छपरावर चढावे लागते, म्हणून शिडी धरायला दुसरे माणूस हवे. हे काम कोणाचे, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही. सध्या त्या दोघी बहिणी ते सुट्टीच्या दिवशी करतात आणि त्या दिवसाचे मानधन त्यांना मिळत नाही. त्याचा वेगळा अर्ज आम्ही दिला आहे.